पॉप-टॉप बसवायचा का? छत कापण्याआधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न इंग्लंडमधल्या रेडिंगहून आला आहे. एका मराठी जोडप्याने फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी6, शॉर्ट व्हीलबेसची (कमी लांबीची) पॅनेल व्हॅन, म्हणजे मागे खिडक्या-सीटा नसलेली मालाची व्हॅन, घेतली आहे; तिची त्यांना फिरायची, झोपायची गाडी करायची आहे. आतून ती अजून रिकामीच आहे. घरात सात आणि दहा वर्षांची दोन मुलं. नाशिकहून आई दर उन्हाळ्यात दोन-अडीच महिने येऊन राहतात, त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. फिरणं मुख्यतः शाळेच्या सुट्ट्यांत आणि काही शनिवार-रविवारी, वेल्स, लेक डिस्ट्रिक्ट, जमलं तर स्कॉटलंड. पॉप-टॉपसाठी, म्हणजे मूळ छत कापून त्या जागी बसवायच्या, कॅनव्हासच्या भिंतींसह वर उचलता येणाऱ्या छतासाठी, पैसे घालावेत, कायमचं उंच छत करून घ्यावं, की छताला हातच लावू नये, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं काम व्हॅन रूपांतराचं, म्हणजे मालाच्या व्हॅनची राहण्याजोगी गाडी करायचं. छतं कापायची, फ्रेम चिकटवायची, आणि दुसऱ्यांनी कापलेली बिघडली की दुरुस्त करायची. त्यामुळे थेट सांगतो: तुमच्या कुटुंबाला पॉप-टॉपचा उपयोग आहे आणि मी तुम्हाला बसवा असंच म्हणेन. पण आत्ता लगेच नको, आणि सर्वांत स्वस्त दर देणाऱ्याकडून तर नकोच. एकदा कापलेलं छत पूर्ववत होत नाही. फर्निचर चुकलं तर बदलता येतं, फरशी उखडता येते, छताचं तसं नाही.

आधी झोपण्याचा हिशोब करा. लोक छताचा रंग आणि कॅनव्हासच्या खिडक्या बघत बसतात आणि हा हिशोब राहून जातो. टी6च्या साध्या छताच्या व्हॅनमध्ये मालाच्या जागेची आतली उंची साधारण 1.41 मीटर असते. खाली लाकडी फरशी आणि वर इन्सुलेशन, अस्तर आलं की त्यातले आणखी पाच-सहा सेंटिमीटर जातात. म्हणजे दहा वर्षांचं मूल जेमतेम उभं राहील, मोठ्या माणसाला सगळं वाकूनच करावं लागेल. पॉप-टॉप उघडला की पुढच्या बाजूला दोन मीटरच्या वर उंची मिळते. पँट चढवणं, चहा करणं, मुलांचं आवरणं उभ्याने होतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला हा फरक पहिल्या दिवशीच जाणवतो, कारण वाकून चालताना गुडघ्यांवरही ताण येतो.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. उंची आणि वरचा पलंग या दोन्ही गोष्टी एका वेळी मिळत नाहीत. वरच्या पलंगाच्या फळ्या दिवसा छताला वर टेकवलेल्या असतात म्हणून खाली उभं राहता येतं. रात्री त्या खाली पाडल्या की छत पुन्हा जुन्या उंचीवर आलं असं समजा. मुलं आठला वर झोपली की तुम्ही दोघं साडेदहापर्यंत खाली वाकून किंवा बसून. आईंना रात्री उठावं लागलं तर त्यांनाही वाकूनच दारापर्यंत यावं लागेल. म्हणून त्या सोबत असतील त्या सहलींना कॅम्पसाइटवर स्वच्छतागृहाजवळची जागा मागून घ्या आणि सरकत्या दाराशी एक भक्कम, रुंद पायरी ठेवा. हे छताच्या खर्चात धरा, नंतरचं काम म्हणून सोडू नका.

आता पाच जण कसे झोपतील ते बघू. शॉर्ट व्हीलबेसमध्ये मागची सीट उलगडून होणारा पलंग खाली दोघांना पुरतो. वरचा पलंग साधारण 1.9 ते 2 मीटर लांब आणि 1.1 ते 1.2 मीटर रुंद असतो. घरातला इथला साधा डबल बेड 1.35 मीटर रुंद असतो, त्यावरून अंदाज येईल. मुलांना तो ऐसपैस होतो, दोन मोठ्यांना चिकटून झोपावं लागतं. पाचव्या माणसासाठी पुढच्या सीटांवर आडवा बांधायचा छोटा बंक मिळतो. तो केबिनच्या रुंदीएवढाच असल्याने सात वर्षांच्या मुलाला आणखी दोन-तीन वर्षं पुरेल, पण त्यावरची वजनमर्यादा वाचल्याशिवाय घेऊ नका. आई असताना मी मांडणी अशी करेन: खाली आई आणि मोठं मूल, वर तुम्ही दोघं, पुढे धाकटं. आई नसताना खाली तुम्ही आणि वर मुलं. वरच्या बंकवर सहा वर्षांखालच्या मुलांना झोपवू नये हा सर्वसाधारण नियम आहे. तुमचं धाकटं त्यापुढे गेलं आहे, तरी वरच्या पलंगाच्या मोकळ्या कडेला जाळी लावूनच घ्या.

झोपायच्या जागा आणि पट्टा असलेल्या सीटा हे दोन वेगळे हिशोब आहेत, तेही सांगायला हवं. पॅनेल व्हॅनमध्ये मागे काहीच नसतं. तुम्हाला मागे तीन पट्ट्यांची, ओढ-चाचणी झालेली (जोराने ओढून मजबुती तपासलेली) सीट लागेल, आणि दोन्ही मुलांना वय 12 किंवा उंची 135 सेंटिमीटर यांतलं जे आधी येईल तोवर बूस्टर. तीन जणांच्या सीटवर दोन बूस्टर आणि मध्ये आई, असं बसवून बघा. दुकानात बसवून बघा, कागदावर नाही. छताचे पैसे देण्याआधी सीट ठरली पाहिजे, कारण पैसे संपतात ते नेहमी शेवटच्या कामाला, आणि सीट हे शेवटचं काम होता कामा नये. मुलांची सुरक्षितता छतात नसते, सीट आणि तिच्या बोल्टांमध्ये असते.

कायमचं उंच छत का नको? तुम्ही दोघंच असता, हिवाळ्यातही फिरत असता, गाडीतच आठवडेच्या आठवडे राहत असता, तर मी निःसंकोच उंच छत सुचवलं असतं. त्याला कॅनव्हास नाही, भिंत आणि छत दोन्हींना इन्सुलेशन, वर कपाटं, रात्रीही उभं राहता येतं. ट्रान्सपोर्टरची उंच छताची गाडी मात्र अडीच मीटरच्या आसपास जाते, आणि तुमची ही रोजची गाडीही असणार, मुलांना शाळेत सोडायची, सुपरमार्केटला जायची. साध्या छताची टी6 कागदावर 1.99 मीटर आहे. इथल्या बहुमजली पार्किंगचे आणि समुद्रकाठच्या पार्किंगचे आडवे दांडे बहुधा 2 ते 2.1 मीटरवर असतात. पाट्या अनेक ठिकाणी फूट-इंचात असतात: सहा फूट सहा इंच म्हणजे 1.98 मीटर, सहा फूट नऊ इंच म्हणजे 2.06, सात फूट म्हणजे 2.13. पॉप-टॉप बंद असतानाही मूळ छतापेक्षा काही सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे दोन मीटरचा दांडा तुमच्या हातून जाणार हे धरून चाला. बसवणाऱ्याला बंद अवस्थेतली उंची लिहून मागा, गाडी हाती आल्यावर सपाट जमिनीवर स्वतः मोजा, आणि मीटर व फूट दोन्ही आकडे लिहिलेली चिठ्ठी डॅशबोर्डवर चिकटवा. खाडीपलीकडे फ्रान्सला युरोटनेलने जाणार असाल तर 1.85 मीटरपेक्षा उंच गाड्या वेगळ्या डब्यातून जातात. तुमची गाडी आजही त्याच वर्गात मोडते, त्यामुळे पॉप-टॉपने तिथे फरक पडत नाही.

काहीच न करण्याचा पर्यायही खरा पर्याय आहे. व्हॅनला जोडून उभा राहणारा तंबू पॉप-टॉपच्या खर्चाच्या लहानशा भागात येतो आणि त्यात मुलं झोपतात, खुर्च्या राहतात, ओले बूट राहतात. अडचण दोन ठिकाणी येते. तंबू उभारायला आणि आवरायला वेळ लागतो, आणि वेल्सच्या पावसात रात्री नऊला पोचल्यावर तो उभारणं हे लहान मुलांबरोबर नको वाटतं. पॉप-टॉप एका मिनिटात वर जातो आणि मुलं कोरडी राहून झोपतात. एका जागी आठवडाभर राहणाऱ्यांना तंबू बरा, रोज जागा बदलणाऱ्यांना पॉप-टॉप. तुमच्या शनिवार-रविवारच्या सहली दुसऱ्या प्रकारच्या आहेत, म्हणूनच माझा कौल पॉप-टॉपला.

आता मुख्य विषयाकडे येतो, कापण्याकडे. ट्रान्सपोर्टरचं छत हा केवळ पावसापासून वाचवणारा पत्रा नाही. आत आडव्या पट्ट्या आहेत, त्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतात, आणि गाडी उलटली तर भार त्यांच्यावर येतो. पॉप-टॉपसाठी मधला मोठा चौकोन आणि त्याबरोबर काही पट्ट्या काढाव्या लागतात. त्यांच्या जागी पोलादी फ्रेम येते. ती मूळ छताच्या कडेला खास गोंदाने चिकटते, काही बनावटींत बोल्ट किंवा रिव्हेटही असतात, आणि गेलेली ताकद ती परत आणते. हीच फ्रेम संपूर्ण कामाचा गाभा आहे. वरचं फायबरग्लासचं टोपण दिसतं म्हणून लोक त्याचीच चौकशी करतात. ज्या छताची धडक-चाचणी किंवा जर्मनीतली ट्यूव्ह (वाहनांची सुरक्षितता तपासणारी संस्था) हिची मान्यता झालेली असते, ती त्या विशिष्ट फ्रेमसकट आणि त्या विशिष्ट गाडीसाठी झालेली असते. फ्रेम बदलली, हलकी वापरली किंवा वगळली, तर तो कागद तुमच्या गाडीला लागू होत नाही. प्रमाणपत्र बघायला मागा आणि त्यावर टी6, शॉर्ट व्हीलबेस, मागचं दार वर उघडणारं की दोन पाखांचं, हे जुळतंय का ते वाचा. तुमच्या गाडीत बाजूच्या पडदा-एअरबॅग असतील तर त्या छताच्या कडेच्या आतच गुंडाळलेल्या असतात. फ्रेम त्यांना धक्का न लावता बसते का, याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

कापताना काय होतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कुठे विचारायचं ते कळेल. आतलं अस्तर आणि दिव्याच्या तारा काढून छतावर आखणी होते. मग कापणीचं यंत्र चालतं आणि लोखंडाचा बारीक कीस सगळीकडे उडतो: दारांच्या खाचांत, काचेच्या रबरांत, डॅशबोर्डच्या फटींत, बाहेरच्या रंगावर. चांगला कारागीर कापण्याआधी पूर्ण गाडी झाकतो आणि नंतर खूप वेळ नुसता कीस ओढून काढत बसतो. तो राहिला की पहिल्या पावसात पांढऱ्या गाडीवर केशरी ठिपके उमटतात, आणि ते पुसून जात नाहीत. मग कापलेली धार घासून तिच्यावर जस्ताचा प्रायमर लागतो. ही धार पुढे कायमची अस्तराआड जाते, त्यामुळे कामचुकारपणा नेमका इथे होतो. दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत अस्तराचा कोपरा सोडला की उघडी, लालसर धार हाताला लागते. तुमच्या गाडीची धार प्रायमर लावून झाल्यावर, फ्रेम बसण्याआधी, त्याचे फोटो मागा. नीट काम करणाऱ्याला या मागणीचं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

गोंदाला वाळायला वेळ लागतो आणि थंड वर्कशॉपमध्ये जास्त लागतो. सकाळी गाडी द्या, संध्याकाळी घेऊन जा, असं कोणी म्हणत असेल तर गोंद कोणता आहे, त्याच्या माहितीपत्रकावर गाडी चालवण्याआधी किती वेळ थांबायला सांगितलं आहे, आणि वर्कशॉपचं तापमान किती असतं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर गुळमुळीत आलं की पुढच्या माणसाकडे जा.

खर्चाचं म्हणाल तर बसवण्यासकट साधारण तीन ते पाच हजार पौंड धरा. त्यात वरचा पलंग, गादी, छताचा रंग आणि आतलं अस्तर धरलं आहे की नाही ते नीट विचारा, कारण दोन दरांतला मोठा फरक बहुधा तिथेच असतो. गाडी कर्जावर किंवा लीजवर असेल तर मालकी बहुधा अजून वित्तकंपनीची असते. लेखी परवानगीशिवाय छताला कुणालाही हात लावू देऊ नका. विमा कंपनीला कापण्याआधी कळवा, नंतर नाही.

वजनाचा विचार कमी लोक करतात. तुमच्या गाडीच्या मागे टी28, टी30 किंवा टी32 लिहिलं असेल. ते एकूण परवानगीचं वजन आहे, म्हणजे 2800, 3000 किंवा 3200 किलो. फ्रेम, टोपण, वरचा पलंग मिळून वाढणारं वजन एका मोठ्या माणसाएवढं धरायला हरकत नाही. त्यात फर्निचर, दुसरी बॅटरी, पाणी, पाच माणसं आणि आईंनी नाशिकहून आणलेल्या बरण्या. टी28 असेल तर गाडी पूर्ण भरून एकदा वजनकाट्यावर नेणं आवश्यक आहे. वाढलेलं वजन गाडीच्या सर्वांत वरच्या भागात असतं, त्यामुळे वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी थोडी जास्त झुलते. सवय होते, पण पहिल्या मोटरवेवर वेग बेतानेच ठेवा.

छतावर सामान नेण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. गॅस स्ट्रट (छत वर उचलणारे, दाबाखालच्या वायूने भरलेले दांडे) टोपणाचं वजन उचलायला मोजूनमापून बसवलेले असतात. वर कयाक किंवा पेटी ठेवली की छत उघडत नाही, उघडलं तर वर टिकत नाही. पातळ, चिकटवायचं सोलर पॅनेल चालतं. सायकली मागच्या दारावर. कडाक्याच्या थंडीत स्ट्रटमधल्या वायूचा दाब उतरतो, तेव्हा छत नेहमीपेक्षा जड लागेल, त्याला बिघाड समजू नका. उन्हाळ्यातही छत आपोआप खाली येऊ लागलं तर मात्र स्ट्रट बदलायची वेळ झाली.

कॅनव्हासबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर वर झोपणं म्हणजे तंबूत झोपणंच. पाऊस, कावळे-सीगल, शेजाऱ्यांच्या गप्पा, सगळं ऐकू येतं. जूनमध्ये उत्तर स्कॉटलंडला पहाटे साडेचारच्या आत उजाडतं आणि कॅनव्हासमधून तो उजेड थेट मुलांच्या तोंडावर येतो. काळ्या अस्तराचे आतले पडदे पहिल्याच वर्षी घ्या. ऑक्टोबरनंतर डिझेल हीटर लागतोच. गरम हवा वर जाऊन कापडातून निघून जाते, तेव्हा बाहेरून घालायची जाड टोपी मिळते, ती घेतली तर वर्षातले दीड-दोन महिने तुमच्या हाती जास्त येतात. जोराच्या वाऱ्यात छत खाली घ्या, मुलांना खाली सगळ्यांत दाटीवाटीने घ्या, रात्र काढा. ज्या बाजूला बिजागरी आहे ती बाजू वाऱ्याकडे ठेवून गाडी लावली तर कॅनव्हासवर ताण कमी येतो. बहुतेक छतं मागे बिजागरी असलेली आणि पुढे उघडणारी असतात, म्हणजे गाडीची पाठ वाऱ्याकडे.

(जुन्या गाड्यांत हे वेगवेगळं असायचं. फोकस्टोनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीच्या डॉर्मोबिलचं छत एका कुशीवर उघडायचं आणि त्याला पट्ट्यापट्ट्यांचं कापड असायचं, तर वेस्टफालियाने फोक्सवॅगनवर पुढे आणि पुढच्या काळात मागे बिजागरी असलेली छतं दिली. कुठे ती उभी दिसली तर थांबून बघाच, घडीचं काम फार सुबक आहे.)

छत बंद करण्याची एक रीत पहिल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना शिकवा. बंद करण्याआधी सरकतं दार किंवा एक खिडकी उघडी ठेवा. गाडी पूर्ण बंद असताना छत खाली ओढलं की आतली हवा जायला वाट मिळत नाही, कॅनव्हास बाहेर फुगतो आणि टोपण व रबराच्या मध्ये अडकतो. त्या एका चिमट्याने कापडाला भोक पडतं आणि रबर दबून पाणी आत येतं. दार उघडं असेल तर कापड आपोआप आत घडी घेतं. मग बाहेर येऊन गाडीभोवती एक फेरी मारा, कडेला कुठे कापड दिसतंय का बघा, दोन्ही पट्टे ओढून लावा, आणि मगच चावी फिरवा. छत उघडं असल्याचा इशारा देणारा बझर कमी खर्चात जोडता येतो. जोडून घ्याच.

ओला कॅनव्हास बंद करून घरी आलात तर पहिल्या कोरड्या दिवशी छत उघडून वाळवा. आठवडाभर ओला राहिला तर बुरशीचे काळे डाग पडतात आणि ते जात नाहीत. धुताना साबण वापरू नका, जलरोधक थर निघून जातो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, स्वयंपाकाचा. फोडणीचा वास आणि तेलाचा बारीक फवारा कॅनव्हासमध्ये मुरतो, मग झोपताना मुलांच्या नाकाशी मोहरी-हिंग असतं, आणि तेल लागलेल्या कापडावर पाणी टिकत नाही. आत पोहे-उपमा गरम करणं, चहा, दूध, इतपत ठीक. फोडणी, पोळ्या, काही तळणं असेल ते बाहेर, छपराखाली, वेगळ्या बर्नरवर. वरचा पलंग पडलेला असताना त्याच्याखाली ज्योत पेटवू नका. छत उघडं आहे, वारा खेळतो आहे, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नको, असं समजू नका. तो झोपण्याच्या जागेजवळ असायलाच हवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. डीव्हीएलएकडे, म्हणजे ब्रिटनमधल्या वाहननोंदणी खात्याकडे, गाडीची नोंद ‘मोटर कॅरॅव्हॅन’ अशी बदलून घ्यायची असेल तर आतल्या सोयींबरोबर बाहेरून दिसणारी लक्षणंही ते बघतात: बाजूच्या खिडक्या, ऑनिंगची (बाजूला ओढायच्या कापडी छपराची) दांडी, बाजूंवरची चित्रपट्टी वगैरे. त्या यादीत कायमचं उंच छत धरलं जातं, पण वर-खाली होणारा पॉप-टॉप स्पष्टपणे वगळला आहे. तेव्हा छत बसवलं की नोंद बदलेल, या भरवशावर राहू नका. वेगमर्यादेचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. व्हॅनसाठी मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर 60, तर 3.05 टनांपर्यंत रिकाम्या वजनाच्या मोटर कॅरॅव्हॅनला मोटारीसारखी 60 आणि 70. नोंद व्हॅनचीच राहिली असेल तर व्हॅनची मर्यादा पाळा, वाद घालण्यात वेळ घालवू नका. शहरात रस्त्याकडेला रात्र काढायचा विचार असेल तर उघडं छत आत कोणी झोपलंय हे लांबून सांगतं. तुम्ही मुलांसह कॅम्पसाइटवरच राहणार, म्हणून तुम्हाला याची चिंता नाही.

भारतात परतणारी कुटुंबं विचारतात म्हणून एवढंच: इथली सवलत तिथे नाही. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मालकाला नोंदणीत नमूद मूळ रचनेशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं आहे. पुण्यात कुणा गॅरेजवाल्याला ट्रॅव्हलरचं छत कापायला सांगू नका. मान्यता घेऊन कॅरॅव्हॅन म्हणूनच बांधलेली गाडी घ्या.

आता तुमच्यासाठी क्रम. गाडी रिकामी आहे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, कारण छताचं काम इन्सुलेशन आणि फर्निचरच्या आधी व्हायला हवं. आधी अस्तर लावून मग छत कापलं तर केलेलं सगळं उखडावं लागतं आणि कीस आतल्या कापडात शिरतो. पण म्हणून लगेच कापू नका. सीट आणि खिडक्या आत्ता करून घ्या, कामचलाऊ फरशी टाका, आणि हा उन्हाळा जोडतंबू भाड्याने किंवा उसना घेऊन काढा. त्याच उन्हाळ्यात एक शनिवार-रविवार पॉप-टॉपची गाडी भाड्याने घ्या आणि आईंनाही न्या. त्यांना खालच्या पलंगावरून उठताना किती आधार लागतो, मुलं वर किती वाजता झोपतात, तुम्ही दोघं वर खरंच झोपू शकता का, हे त्या दोन रात्रींत कळेल. ते जमलं नाही, तर छत न कापता तंबूवरच राहा, पैसे वाचले.

जमलं तर शरद ऋतूत तारीख ठरवा. वसंतात सगळ्यांनाच सुट्टीआधी छत हवं असतं, तेव्हा बसवणारे घाईत असतात. गाडी ताब्यात घ्यायला जाल तेव्हा तासभर राखून जा. छत पाच-सहा वेळा स्वतः उघडा, बंद करा. बंद छताच्या चारही बाजूंची फट सारखी आहे का बघा. रबरात कागदाची पट्टी ठेवून छत बंद करा आणि ओढा, कुठेही ती सहज निसटता कामा नये. मग त्यांच्याकडचाच पाइप मागून बंद छतावर आणि नंतर उघड्या कॅनव्हासवर भरपूर पाणी सोडा, आणि एकाने आत बसून कोपऱ्यांवर कोरडा हात फिरवत राहा. नव्या सुती कॅनव्हासच्या शिवणीतून पहिल्या वेळी थोडा ओलावा येतो, एकदा भिजून वाळला की धागे फुगून तो थांबतो. पण टोपणाच्या कडेने किंवा फ्रेमच्या कोपऱ्यातून एक थेंब जरी आला, तरी गाडी तिथेच ठेवा, उरलेली रक्कम देऊ नका, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाणी सोडून बघूनच घरी आणा.